पावसाळ्यानंतर उघडलेली बॅग: खासगी साधने धुवावीत कशी आणि ठेवावीत कुठे?

अबोली_ठाणे

व्यवस्थापकांना व्यनि (व्यक्तिगत निरोप) करून, त्यांच्या संमतीने हा धागा आरोग्य विभागात फक्त प्रौढ सभासदांसाठी काढत आहे. सेक्स टॉय वापरावे की वापरू नये, हा इथला विषय नाही. ज्यांच्याकडे ते आहे त्यांनी ते धुवावे कसे, वाळवावे कसे आणि ठेवावे कुठे, एवढ्यापुरतेच बोलावे ही विनंती.

आमचे घर ठाण्यात, खोल्या दोन आणि माणसे पाच. माझ्याकडे दोन साधने होती. एक सिलिकॉनचे आणि चार्जिंगचे, बऱ्यापैकी महाग. दुसरे स्वस्तातले, गुलाबी, पारदर्शक आणि जेलीसारखे मऊ. मे महिन्याच्या अखेरीस नणंद मुलांना घेऊन राहायला आली तेव्हा मी घाईघाईने दोन्ही नळाखाली धरली, धड पुसलीही नाहीत, वर्तमानपत्राच्या एकाच कागदात गुंडाळून एका कापडी पिशवीत घातली आणि पिशवी माळ्यावरच्या बॅगेत जुन्या साड्यांखाली, डांबराच्या गोळ्यांच्या सोबतीला ठेवून दिली. त्यानंतर अख्खा पावसाळा गेला. दिवाळीच्या साफसफाईत मी स्टुलावर उभी होते आणि सासूबाई खालून हात पुढे करून ‘दे ती बॅग, मी उघडते’ म्हणत होत्या. तो प्रसंग कसा निभावला ते सांगत बसत नाही.

रात्री न्हाणीघरात कडी लावून पिशवी उघडली. तिच्या आतल्या बाजूला बुरशीचे काळे ठिपके पडले होते. गुलाबी वस्तू तेलकट आणि चिकट झाली होती, कागद तिला घट्ट बसला होता आणि तो सोलून काढल्यावर तिच्या अंगावर छोट्या जाहिरातींची अक्षरे उलटी उमटलेली दिसली. आरशासमोर धरली असती तर ‘वधू पाहिजे’ सरळ वाचता आले असते. जिथे ती सिलिकॉनला टेकली होती तिथे सिलिकॉनवरही रुपयाएवढा चकचकीत, ओशट डाग होता. चार्जिंगचे दोन धातूचे ठिपके हिरवट पडले होते आणि सगळ्याला डांबरगोळ्यांचा वास येत होता.

पुढची चूक मोठी आहे. मी ते सिलिकॉनचे साधन घरातल्या तपकिरी जंतुनाशक द्रवाने, पाणी न मिसळता, पुसले आणि दोन दिवसांनी वापरले. आधी चुरचुर, मग खाज, मग दवाखाना. डॉक्टरीणबाईंनी चेहऱ्यावरची रेषही न हलवता ‘कशाने धुतले होते?’ एवढेच विचारले, त्यामुळे मला हे लिहायचे बळ आले. मी ती वस्तू ठेवली नव्हती, लपवली होती, हे मला त्या खुर्चीत बसल्यावर कळले. आणि लपवताना आपण वाळवत नाही.

आता माझे प्रश्न. उकळलेले चालते का? साबण कोणता वापरावा? आणि ज्या घरात कुलपाचा एकही कप्पा नाही त्या घरात या वस्तू कोरड्या कशा ठेवाव्यात?

पॉलिमरवाला

धागा काढल्याबद्दल आभार. माझा व्यवसाय प्लास्टिक आणि रबराचा आहे, त्यामुळे तुमच्या बॅगेत नेमके काय घडले ते सांगू शकतो.

आपल्या सर्वांच्या शाळेच्या कंपासपेटीत हे एकदा तरी घडलेले आहे. सुट्टीभर खोडरबर आणि प्लास्टिकची पट्टी एकमेकांना टेकून राहिली की शाळा सुरू होताना खोडरबर पट्टीत रुतून बसलेले असते. बाजारातली बरीचशी मऊ खोडरबरे पीव्हीसीची असतात. पीव्हीसी मुळात कडक असते, त्याला मऊपणा आणण्यासाठी तेलासारखे प्लास्टिसायझर मिसळतात आणि ते आत बांधलेले नसल्याने हळूहळू बाहेर झिरपते. तुमची गुलाबी जेली बहुधा याच जातीची, किंवा टीपीई नावाच्या मऊ रबराची, ज्यात खनिज तेल मिसळलेले असते. बाहेर आलेल्या तेलाने छापाची शाई ओढून घेतली आणि शेजारच्या सिलिकॉनलाही ओशट केले. डांबरगोळ्यांमधले नॅफ्थॅलीन हवेत उडते आणि मऊ पदार्थांत शिरून बसते. तो वास सहजासहजी जाणार नाही. साड्यांचे रक्षण करणारी गोळी या वस्तूंपासून कायम लांब ठेवावी.

धुण्याचा प्रत्येक नियम साधन कशाचे आहे यावरून ठरतो, म्हणून तो प्रश्न आधी सोडवावा. चांगले सिलिकॉन, काच, स्टेनलेस स्टील आणि एबीएस नावाचे कडक गुळगुळीत प्लास्टिक यांच्या पृष्ठभागावर छिद्रे नसल्यासारखीच असतात. त्यामुळे घाण वर राहते आणि साबणाने निघते. जेली, मऊ पीव्हीसी आणि टीपीई सच्छिद्र असतात; वरून कितीही घासले तरी आतल्या बारीक जागांत ओल आणि जंतू राहतात. अशी वस्तू स्वच्छ करता येते, निर्जंतुक करता येत नाही. म्हणून ती वापरायचीच असेल तर दर वेळी नवा निरोध चढवून वापरावी आणि चिकटपणा, वास, डाग किंवा भेग दिसली की फेकून द्यावी. तुमच्या गुलाबी वस्तूचे आयुष्य संपले आहे.

उकळण्याबद्दल: ज्यात मोटर नाही, बॅटरी नाही, कसलेही जोड नाहीत, असे पूर्ण सिलिकॉनचे किंवा अखंड स्टीलचे साधन तीन ते पाच मिनिटे उकळता येते. पातेल्याच्या तळाशी एखादा सुती फडका घालावा, म्हणजे ते तापलेल्या धातूला थेट टेकत नाही. बोरोसिलिकेट काचेचे साधन उकळत्या पाण्यात टाकू नये. थंड पाण्यात ठेवून पाण्याबरोबर तापू द्यावे आणि तसेच निवू द्यावे. दर वेळी त्याच्यावरून बोट फिरवून टवका उडालेला नाही ना हे पाहावे, आणि उडालेला असेल तर मोह न धरता ते बाद करावे. चार्जिंगचे साधन कधीही उकळू नये. टीपीई उकळत्या पाण्यात आकार सोडते आणि लाकडी, लाखेचे रोगण दिलेले साधन भिजतच घालू नये.

सिलिकॉनच्या साधनाबरोबर सिलिकॉनचे वंगण वापरू नये, हेही याच ओघात सांगतो. दोघांचे रसायन एकाच कुळातले असल्याने ते तेल पृष्ठभागात शिरते, पृष्ठभाग फुगतो आणि चिकट होतो. पाण्यात मिसळणारे वंगण घ्यावे.

तुमच्या सिलिकॉनच्या साधनावरचा डाग साबणाच्या दोन-तीन धुण्यांत पूर्ण गेला आणि बोटाला चिकटपणा लागला नाही, तर ते वाचले. डाग गेला नाही तर मात्र पैशाकडे पाहू नये.

दवाखान्यातून

मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे. अबोलीताई, तुमच्यासारख्या रुग्ण आमच्याकडे येतात. फरक इतकाच की त्यांतल्या बऱ्याच जणी ‘नवीन साबण बदलला’ असे सांगतात आणि मग आम्ही चुकीच्या दिशेने शोधत राहतो.

प्रजननक्षम वयात योनीमार्गाचा सामू साधारण ३.८ ते ४.५ असतो, म्हणजे तो आम्ल असतो, आणि ही आम्लता तिथले लॅक्टोबॅसिलस जातीचे जिवाणू टिकवून धरतात. फरशी पुसण्याचा किंवा जखम धुण्याचा द्रव वस्तूवर राहिला आणि तो आत गेला की अस्तराला आधी रासायनिक दाह होतो आणि ही जिवाणूंची घडीही विसकटते. मग बुरशी किंवा इतर जिवाणू माजायला वेळ लागत नाही. दह्यासारखा पांढरा स्राव आणि खाज असेल तर बुरशीचा संशय येतो, आणि राखाडी पातळ स्राव व मासळीसारखा वास असेल तर जिवाणूंचा. पण घरच्या घरी निदान करून मलम आणू नये, कारण दोन्हींचे उपचार वेगळे आहेत.

साबण साधा, बिनवासाचा, द्रवरूप घ्यावा. आधी हात धुवावेत. साधन कोमट पाण्याखाली धरून फेस करावा आणि जोडाच्या रेषा, बटणांच्या कडा, खालचा तळ या जागी बोट फिरवत किमान अर्धा मिनिट चोळावे. घाण नेहमी जोडाच्या रेषेत सापडते, गुळगुळीत भागावर नाही. नंतर बुळबुळीतपणा पूर्ण जाईपर्यंत धुवावे, कारण राहिलेला साबण हाही दाहाचे कारण असतो. वापरानंतर लगेच धुवावे आणि पुढच्या वापराआधी पुन्हा एकदा धुवावे. दुसऱ्या धुण्याला पुष्कळ जण फाटा देतात, पण पिशवीतले तंतू आणि धूळ तेव्हाच निघतात.

काही गोष्टी तडजोड न करता पाळाव्यात. गुदद्वाराशी वापरलेले साधन साबणाने धुतल्याशिवाय किंवा त्यावरचा निरोध बदलल्याशिवाय योनीकडे नेऊ नये. दोन व्यक्तींमध्ये एकच साधन असेल तर प्रत्येकीसाठी किंवा प्रत्येकासाठी नवा निरोध असावा. हाताच्या सॅनिटायझरवर विसंबून राहू नये. लैंगिक संबंधातून पसरणाऱ्या एचपीव्ही या विषाणूला बाहेरचे स्निग्ध आवरण नसते आणि त्यामुळे अल्कोहोलचा त्याच्यावर फारसा परिणाम होत नाही. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अमेरिकी अभ्यासात साधने धुतल्यानंतरही काहींवर या विषाणूचा अंश सापडला होता. २४ तासांनी तो सिलिकॉनवर उरला नव्हता, टीपीईच्या काही साधनांवर मात्र होता. पॉलिमरवाला यांनी सच्छिद्रतेबद्दल जे लिहिले आहे त्याचा दवाखान्यातला अर्थ हा.

संसर्गाचे उपचार चालू असताना साधन बाजूला ठेवावे, उकळता येणारे असेल तर उकळून घ्यावे आणि जेलीचे असेल तर टाकून द्यावे. आणि आपल्या डॉक्टरांना खरे सांगावे. आम्ही याहून कितीतरी अवघड गोष्टी रोज ऐकतो.

भाडेकरू_कोथरूड

मी तिघींबरोबर भाड्याच्या सदनिकेत राहते, तेव्हा उकळण्यासाठी स्वयंपाकघर वापरणे म्हणजे काय असते ते मला विचारा. मार्ग मात्र मासिक पाळीच्या कपाने काढून दिला. कप उकळण्यासाठी मी एक लहान स्टीलचे पातेले आणि एक सांडशी वेगळी ठेवली होती. त्यांच्यावर नेलपॉलिशचा लाल ठिपका लावलेला आहे आणि घरातल्या सगळ्यांना त्याचा अर्थ माहीत आहे. आता त्या पातेल्यात कधी कप असतो आणि कधी दुसरे काही. झाकण ठेवलेले असते, कोणी विचारत नाही. दोन्ही वस्तू एका वेळी मात्र उकळू नयेत.

माझ्या मते धुण्यापेक्षा वाळवण्यात जास्त जण चुकतात. धुतल्यावर तंतू न सुटणाऱ्या स्वच्छ पंचाने टिपून घ्यावे, मग कागदी रुमालावर ठेवून निदान तासभर हवा लागू द्यावी. पावसाळ्यात तासाभराने काही होत नाही. मी पंख्याखाली टेबलावर ठेवते आणि त्यावर उलटी चाळणी झाकते. अंघोळीचा टॉवेल वापरू नये. त्याचे तंतू सिलिकॉनला चिकटतात, आणि तो टॉवेल स्वतःच ओला असतो.

साठवणीसाठी मी औषधांच्या आणि बुटांच्या खोक्यांतून मिळणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या जमवते. रंग बदलणाऱ्या पुड्या मिळाल्या तर फारच उत्तम, त्या ओल्या झाल्याचे दिसते तरी. प्रत्येक वस्तूची सुती पिशवी वेगळी, पिशवी महिन्यातून एकदा धुवायची, आणि सगळे एका आडव्या प्लास्टिकच्या डब्यात. डब्याचे झाकण सैल असते. हवाबंद डबा दिसायला नीटनेटका वाटतो, पण आत थोडी जरी ओल राहिली तरी तो बुरशीचे घर होतो.

पॉलिमरवाला

डब्याबद्दल पूर्ण सहमत. फक्त डबा उन्हात किंवा गीझरजवळ ठेवू नये. सिलिकॉनला त्या उष्णतेने काही होत नाही, पण बॅटरीचे आयुष्य कमी होते.

उत्तररात्र

इथे पुरुषांनी बोलायला हरकत नसावी. पुरुषांसाठी जी मऊ आवरणे मिळतात ती जवळपास सगळी टीपीईची असतात, आणि त्यांची अडचण वेगळी आहे, कारण घाण आतल्या बाजूला राहते. मी पहिले साधन चार महिन्यांत घालवले. बाहेरून लख्ख, आतून आंबूस वास आणि एके दिवशी टॉर्चच्या उजेडात दिसलेले करडे ठिपके.

दुसऱ्या वेळी दोन्ही टोके उघडी असलेले घेतले. एक टोक बंद असलेल्यात पाणी साचते आणि ते कधीच पूर्ण वाळत नाही. कोमट पाण्याची धार आतून सोडायची, सौम्य साबणाचे दोन थेंब, पुन्हा धार, मग उलटे करता येत असेल तर अलगद उलटे करून टिपायचे; ओढून उलटे केले तर कडेला भेग पडते आणि तिथूनच ते फाटत जाते. वाळल्यावर टीपीई हाताला चिकट लागते. तेव्हा मक्याच्या पिठाची, म्हणजे कॉर्नफ्लोअरची, अगदी हलकी भुकटी लावतात. टाल्कम पावडर लावू नये. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०२४ मध्ये टाल्कला ‘बहुधा कर्करोगकारक’ या गटात टाकले आहे. शिवाय कॉर्नफ्लोअर पुढच्या वापराआधी धुऊन काढायचेच. ते अन्न आहे आणि ओल मिळाली की बुरशीलाही ते आवडते.

आणखी एक कबुली. सुरुवातीला मी खोबरेल तेल वापरत होतो, कारण घरात तेच असते आणि आपल्याकडे ते सगळ्यावर चालते असा समज आहे. टीपीई त्याने सुजल्यासारखे झाले आणि विरघळू लागले.

दवाखान्यातून

खोबरेल तेलाचा मुद्दा फार महत्त्वाचा आहे, म्हणून पुरवणी जोडते. कोणतेही तेल लॅटेक्सच्या निरोधाला काही मिनिटांत कमकुवत करते. म्हणजे साधनावर निरोध चढवला आणि वर तेल लावले तर निरोध असून नसल्यासारखा होतो. तेल नुसत्या पाण्याने जातही नाही. त्याचा थर राहतो आणि त्याखाली बाकीचे सगळे राहते. साबण दोनदा लावावा लागतो.

गोदाकाठ

माझे वय ५८ आहे आणि मी हा धागा दोन दिवस नुसता वाचत होते. गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी माझे किरणोपचार झाले. त्यानंतर योनीमार्ग आकसू नये म्हणून डॉक्टरांनी डायलेटर वापरायला सांगितले. ते औषधोपचाराचे साधन आहे, पण ते कुठे ठेवायचे हा प्रश्न अबोलीताईंसारखाच होता. सून घरात, नातवंडे खेळणारी, आणि हातात आकाराने लहान-मोठी अशी कडक प्लास्टिकची पाच साधने.

रुग्णालयातून मला ‘साबणाने धुवा’ इतकेच सांगितले गेले, ठेवण्याबद्दल अवाक्षर नाही. मी ती पहिले काही दिवस प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून ठेवली आणि पिशवीच्या आत पाण्याचे थेंब जमले. आता माझी पद्धत अशी आहे: सकाळी वापरल्यावर लगेच धुते, पुसते, आणि पूजेच्या वेळेपर्यंत माझ्या खोलीच्या खिडकीत, पडद्याआड, कापडावर वाळत ठेवते. मग ती चष्म्याच्या लांब पेटीसारख्या एका पेटीत जातात आणि पेटी माझ्या औषधांच्या कप्प्यात. नातवाला सांगितले आहे की हे आजीचे औषध आहे. ते खोटे नाही.

एकदा सर्वांत लहान साधन हातातून पडून त्याला केसाएवढी चीर गेली. मी ते नखाने तपासले, नख अडकले, आणि त्याच दिवशी नवे मागवले. किरणोपचारांनंतर तिथली त्वचा फार नाजूक असते, त्यामुळे माझ्या वयाच्या बायकांनी हे तपासणे कधीही टाळू नये.

अबोली_ठाणे

गोदाकाठ, तुमच्या प्रतिसादासाठी काय लिहावे ते सुचत नाही. पेटीची कल्पना मी उचलते आहे.

माइनकाठचा

फ्रँकफुर्टहून. इथे खासगी जागेची अडचण नाही, पाण्याची आहे. नळाचे पाणी जड असल्याने उकळलेल्या सिलिकॉनवर पांढरा थर येतो आणि मला वाटायचे की बुरशीच आली. ठाण्या-मुंबईच्या धरणाच्या पाण्याने हे सहसा होत नसावे, पण पुण्यात मी ज्या भागात राहत होतो तिथल्या टँकरच्या आणि बोअरच्या पाण्याने बादलीवर तसाच थर यायचा. तो क्षार असतो. पांढऱ्या व्हिनेगरमध्ये बुडवलेल्या कापडाने पुसला की निघतो. मग साध्या पाण्याने धुवावे. क्षार काढणाऱ्या यंत्राचे पाणी उकळायला घेतले तर थर जवळपास येत नाही.

एक प्रश्न. अतिनील किरणांच्या छोट्या पेट्या मिळतात, त्यांचा उपयोग होतो का?

पॉलिमरवाला

जिथे प्रकाश पोहोचतो तिथेच होतो. खाच, जोड, तळ आणि पेटीला टेकलेली बाजू सावलीत राहते, आणि वर वंगणाचा थर असेल तर प्रकाश त्याखाली जात नाही. शिवाय स्वस्त पेटीतला निळा दिवा हा जंतू मारणाऱ्या तरंगलांबीचा आहे की नुसता शोभेचा, हे डोळ्यांना कळत नाही. खरा अतिनील दिवा असेल तर तो काही प्लास्टिक पिवळे आणि ठिसूळ करतो. साबण आणि पाणी यांच्याऐवजी ती पेटी नाहीच. धुऊन वाळवल्यानंतरची हौस म्हणून कोणाला ठेवायची असेल तर ठेवावी. माझ्या घरी मी तिच्यावर पैसे घालवणार नाही.

चार्जिंगच्या साधनांबद्दल कोणी लिहिलेले नाही म्हणून लिहितो. खोक्यावर आयपीएक्स७ असे लिहिलेले असेल तर ते साधन एक मीटर खोल पाण्यात ३० मिनिटे तग धरेल अशी चाचणी केलेली असते. तीही साध्या, साचलेल्या पाण्यात, गरम पाण्यात नव्हे. आयपीएक्स४ म्हणजे फक्त शिंतोडे सोसणारे, ते बुडवू नये, ओल्या साबणाच्या कापडाने पुसावे. चार्जिंगच्या भोकाला रबरी बूच असेल तर धुण्याआधी ते नीट बसलेले आहे ना ते दाबून पाहावे. धुतल्यावर लगेच चार्जिंगला लावू नये. अबोलीताईंच्या साधनावरचा हिरवा थर हा ओल आणि तांबे यांचा गंज आहे. कोरड्या कापसाच्या बोळ्याने निघाला तर ठीक, खाली खड्डा दिसला तर ते साधन चार्ज करू नये.

लिथियम बॅटरी पूर्ण रिकामी किंवा पूर्ण भरलेली महिनोन्‌महिने ठेवणे तिच्या हिताचे नसते. निम्मी भरून ठेवावी आणि दोन-तीन महिन्यांनी पुन्हा पाहावी. पेन्सिल सेलचे साधन असेल तर ठेवताना सेल काढून ठेवावेत, नाही तर त्यांतून पाझरणारा अल्कलीचा पांढरा थर आतली स्प्रिंग खाऊन टाकतो. घड्याळांच्या आणि रिमोटच्या बाबतीत हे आपल्याला ठाऊक असते, इथे विसरायला होते.

एकटी_प्रवासी

प्रवासापुरती भर. बटण बॅगेत दाबले जाऊ नये म्हणून प्रवासाचे कुलूप असलेले साधन घ्यावे, किंवा सेल काढावेत. सुटे लिथियम सेल विमानात चेक-इन सामानात चालत नाहीत, ते सोबतच्या बॅगेत लागतात. परतल्यावर बॅग रिकामी करण्याआधी साधन धुवावे. मी एकदा ते आठवडाभर ओल्या पोहण्याच्या कपड्यांबरोबर विसरले होते, आणि त्यानंतरचा वास अजून आठवतो.

कागदपत्रे

वकिली व्यवसायातला आहे, त्यामुळे खोक्यावर साहित्य का लिहिलेले नसते याचे एक कारण सांगतो. अश्लील वस्तूंच्या विक्रीबद्दलचे भारतीय दंड संहितेतले जुने कलम २९२ आता भारतीय न्याय संहितेत कलम २९४ झाले आहे. त्याचा रोख विक्री, वितरण आणि प्रदर्शन यांवर आहे, स्वतःच्या वापरासाठी घरात वस्तू असण्यावर नाही. तरीही विक्रेते धास्तीने ‘बॉडी मसाजर’ असे नाव देतात. मार्च २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अशाच मसाजरच्या आयातीच्या प्रकरणात सीमाशुल्क आयुक्तांचे अपील फेटाळले. मसाजरचा संभाव्य दुसरा वापर गृहीत धरून माल निषिद्ध ठरवता येणार नाही, असा त्याचा आशय होता. पण मसाजर म्हणून विकलेल्या वस्तूच्या खोक्यावर ‘शरीराच्या आत वापरण्यास योग्य’ असे कोण लिहिणार? मग साहित्य, धुण्याची पद्धत, पाण्याचा दर्जा, सगळेच गाळले जाते आणि ग्राहक अंधारात राहतो.

आंतरराष्ट्रीय मानक संस्थेने २०२१ मध्ये या साधनांसाठी आयएसओ ३५३३ हे मानक काढले आहे. खरेदी करताना निदान विक्रेत्याला साहित्य लेखी विचारावे. ‘स्किन सेफ’, ‘मेडिकल ग्रेड’ असे नुसते शब्द असतील आणि पदार्थाचे नाव नसेल तर ती वस्तू सच्छिद्र आहे असे समजून वागावे.

भाडेकरू_कोथरूड

जाळून पाहण्याची परीक्षा कोणी करते का? सिलिकॉन जाळले की पांढरी राख राहते असे वाचले होते.

पॉलिमरवाला

परीक्षा खरी आहे. सिलिकॉनची पांढरी भुकटी होते, ते थेंब थेंब गळत नाही. पीव्हीसी काळा, घसा धरणारा धूर सोडते. पण तो धूर विषारी असतो आणि परीक्षेत उत्तीर्ण झालेली वस्तूही जळकी होऊन वापरातून जाते. नाकाने बरेच कळते. नवे खोके उघडताच नव्या रेनकोटसारखा वास आला तर ते सिलिकॉन नाही.

अबोली_ठाणे

सर्वांचे मनापासून आभार. काय केले ते कळवते, म्हणजे पुढे हा धागा वाचणाऱ्यांना उपयोग होईल.

सिलिकॉनचे साधन बिनवासाच्या साबणाने तीनदा धुतले. डाग गेला, चिकटपणा गेला, डांबरगोळ्यांचा वास मात्र आठवडाभर पंख्याखाली ठेवूनही गेला नाही, आणि चार्जिंगचा एक ठिपका खालून खड्डा पडलेला निघाला. म्हणून तेही बाद केले. टाकण्याचा प्रश्न उरला होता. आमच्या सोसायटीत कचरा हाताने वेगळा करणाऱ्या दोन बायका येतात, त्यांच्या हातात हे असे उघडे जाऊ नये असे वाटत होते. बॅटरी आत असल्याने ते सुक्या कचऱ्यात टाकता येत नाही, गाडीत दाबली गेल्यावर लिथियम बॅटरी पेट घेऊ शकते. ते धुऊन, पुसून, खोक्यात बंद करून, जुने दोन मोबाइल आणि एक चार्जर यांच्याबरोबर ई-कचरा संकलनाला दिले. घेणाऱ्या मुलाने खोके उघडले नाही, वजन केले आणि वहीत ‘इतर’ असे लिहिले. गुलाबी वस्तू धुऊन कागदात गुंडाळली, वर लाल खूण केली आणि सॅनिटरी कचऱ्याबरोबर दिली. या वेळी कागद कोरा होता.

नवे साधन एकच घेतले आहे, अखंड सिलिकॉनचे, बिनमोटरचे, म्हणजे उकळता येईल. कुलपाच्या कप्प्याबद्दल नवऱ्याशी प्रथमच नीट बोलले. त्याने कपाटाच्या आतल्या बाजूला, माझ्या साड्यांच्या खणात, सुतारकाम न करता बसणारी एक छोटी किल्लीची पेटी आणली आणि तिच्या पाठीला हवेसाठी ड्रिलने चार भोके पाडली. सासूबाईंनी आवाज ऐकून ‘काय चाललंय?’ म्हणून विचारले. ‘दागिन्यांची पेटी’, तो म्हणाला. त्यावर त्यांनी विचारले, ‘मग भोके कशाला?’ आणि त्याला उत्तर सुचले नाही.